काळा ठिपका आणि वहिनींचा कोरा नोड

सहा महिने खपून वहिनींनी जो नोड बनवला, तो दिसायला निव्वळ रिकामा डबा. चित्रावर चित्र चढवण्याच्या त्यांच्या सॉफ्टवेअरात तयार नोड, म्हणजे चित्रावर एकेक ठरलेलं काम करणारे डबे, ढीगभर होते. पण या डब्यात चित्रकाराने स्वतः चार ओळींचा शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलाला त्याच्या रंगाचा हुकूम, लिहायचा आणि ग्राफिक्स कार्डाने तो लाखो पिक्सेलांकडून एका दमात पाळून घ्यायचा.

"लोक यात वाट्टेल ते लिहितील, आणि शिव्या आपल्याला," कंपनीचे साहेब म्हणाले. "आज माझ्यासमोर चालला तर ठेवू, नाहीतर कचऱ्यात."

परीक्षेला वहिनींनी नणंदबाईंनाच बोलावलं. सिनेमात धूर बसवणं हा त्यांचा धंदा. त्यांचा धूर बघून एकदा थिएटरात आगीचा बंब आला होता म्हणतात. आला नसेल, तर निघाला तरी होताच.

नणंदबाईंनी लिहिलं: धुराचा रंग त्याच्या दाटपणाने भागायचा, उजळायचा, पुन्हा गुणायचा. पडद्यावरच्या चित्रात डोंगरापुढे घोडा उभा होता; त्यावर धूर झकास चढला. अन् घोड्याच्या कानाशी मोहरीएवढा काळा ठिपका उमटला. पुढे चित्र धूसर करणारे तीन नोड होते; त्यांनी तो शेजारीपाजारी वाटला. ठिपक्याने कान खाल्ला, घोडा खाल्ला, डोंगर खाल्ला. साहेबांनी आपला चहाचा कप उचलून छातीशी धरला.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

चूक वहिनींना दिसली होती. पण त्यांनीच सुधारली, तर साहेब म्हणणार, हा नोड बनवणारीलाच चालतो. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"गप्प आहात म्हणजे चूक माझी," नणंदबाई म्हणाल्या. "तुमची असती, तर एव्हाना माझ्यावर ढकलली असतीत."

"वन्सं, बोलू नका, लिहा!"

"अगंबाई! कानाशी धूरच नाही. दाटपणा शून्य, आणि मी शून्याने भागत बसलेय!"

त्यांनी एकच ओळ वाढवली: दाटपणा शून्य असेल तिथे भागू नकोस. प्रोग्राम बंद केला नाही, कुणाची परवानगी काढली नाही. काळोखाने डोंगर ओकला, घोडा ओकला, शेवटी कान. धूर असा वळवळत वर चढला की साहेबांना ठसका लागला.

"हेच जुन्या, तयार नोडात झालं असतं तर?" खोकत त्यांनी विचारलं.

"वन्संनी तक्रार पाठवली असती," वहिनी म्हणाल्या, "आणि आपण पुढच्या वर्षी वाचली असती."

साहेबांनी उभ्याउभ्याच नव्या आवृत्तीच्या यादीत कोरा नोड घातला, तोही सगळ्यात वर. मग "सरका जरा" म्हणत खुर्ची बळकावली. घोडा जांभळा झाला, उलटा झाला, सात पायांचा झाला. जेवणाची सुट्टी आली नि गेली.

"साहेब, आता मला द्या ना!" वहिनी आणि वन्सं एका सुरात ओरडल्या.