मुठीचं पीठ

जयपुरात मराठी ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी चर्चमध्ये उपासना हिंदीतून. तिथं सगळे गुमान बसायचे. मन मोकळं व्हायचं ते शनिवारी संध्याकाळी, उत्तमरावांच्या पुढच्या खोलीत, मराठीतून. उत्तमराव विमा कचेरीतले साहेब, नगरहून बदलून आलेले. त्यांची बायको शालन हिनं माहेरची एक रीत इथंही लावून दिली होती. कणीक मळायला घेतली की आधी मूठभर पीठ देवाच्या डब्यात टाकायचं. महिना सरला की सगळ्या घरांचं पीठ गोळा करून शालन बसनं शहराच्या टोकाला, झोटवाड्याला जायची, इंदुबाईंकडे.

इंदुबाई फौजेतल्या एका बँडवाल्याची विधवा. नवऱ्याला माती इथं दिली म्हणून मुलखात परतली नाही. छाती अधू, जीभ तिखट. शालनला लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि तो विषय कधीच न काढणारी अख्ख्या शहरात ही एकच बाई. पीठ हे निमित्त. शालन दुपारभर तिथं रमायची.

साठ साली आनंदराव नावाचे एक फिरते प्रचारक आले. चार दिवसांसाठी म्हणून आले आणि मुक्कामच ठोकला. आवाज गोड, कोट कडक इस्त्रीचा. प्रवचनाची सुरुवात प्रभूच्या नावानं व्हायची आणि मग उरलेला वेळ स्वतःच्याच नावानं: प्रभू मला म्हणाला, मी प्रभूला म्हटलं. दोघांची रोज उठबस असावी असा थाट. पण लोकांना ते आवडलं, खोटं कशाला बोला. आजवर पाळकांनी सोसायला सांगितलं होतं. हे मागायला सांगत होते.

देवाच्या डब्यावर त्यांची नजर गेलीच. म्हणाले, ही मूठ म्हणजे तुमचं बियाणं. टाकताना आपलं मागणं मोठ्यानं बोला, आणि पीक हक्कानं मागा. दुसऱ्याची दुःखं त्यात मिसळू नका, मागणं पातळ होतं. इंदुबाईंचं काय, असं शालननं भीत भीत विचारलं. तिचाही बाप स्वर्गात आहे, तिनं स्वतः मागावं, असं उत्तर मिळालं. मग त्या पिठाच्या पुऱ्या दर शनिवारी प्रार्थनेनंतर होऊ लागल्या, आणि ज्यांनी दिलं त्यांनीच त्या खाल्ल्या.

शालन रोज मूठ टाकताना म्हणायची, प्रभू, मला मूल दे. सुरुवातीला लाज वाटायची, पुढं वाटेनाशी झाली. पीठ थांबलं तशी झोटवाड्याची फेरीही थांबली. रिकाम्या हातानं जायचं कसं, हे एक कारण. आणि खरं कारण असं की तिला आता स्वतःपलीकडे कुणाची आठवणच येत नव्हती. एरवी अधूनमधून येणारी इंदुबाई आता शनिवारी दिसत नाही हे सगळ्यांना कळत होतं. थंडी फार आहे, असं म्हणून सगळे पुऱ्यांकडे वळायचे.

जानेवारीत झोटवाड्याहून निरोप आला. छातीत कफ दाटून इंदुबाई गेली होती. शालन तिथं पोचली तेव्हा घरमालकीण दारात उभी होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच शालनला सोसवेना.

"रोज पूछती थी, बहनजी. शालन आई के नहीं?"

कबरीपाशी आनंदरावांनी प्रार्थना केली. ह्या कडक हिवाळ्यात तू आमची घरं सुखरूप राखलीस, आमच्या उंबऱ्याला मृत्यू शिवू दिला नाहीस, म्हणून तुझे आभार. सगळे आमेन म्हणाले. शालनही म्हणाली. तो शब्द तोंडातून गेला आणि मग तिला त्याचा अर्थ कळला. समोर मेलेली बाई, आणि आपण आपल्याच सुखाला आमेन म्हणालो. ज्यानं स्वतःसाठी काहीच राखलं नाही त्याचं नाव घेऊन आपण इतके दिवस स्वतःचीच आरती करत होतो.

परतताना तिनं आनंदरावांना गाठलं. "बंधू, तिच्यासाठी आपण एकदा तरी प्रार्थना केली का?"

आनंदराव थांबले. गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमचं मागणं आता अगदी जवळ आलंय. अशा वेळी मनात शंका आणू नका."

हा माणूस थापा मारतो आहे हे तिला लख्ख दिसत होतं. तरीही ती गप्प राहिली, कारण न जाणो, खरं झालं तर?

घरी येऊन ती पदर घेऊन गुडघे टेकून बसली. फक्त इंदुबाईंसाठी, दुसरं काही नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. डोळे मिटले. प्रभू, तिला तुझ्यापाशी घे, म्हणाली. आणि लगोलग पुढचे शब्द आपसूक आले: तिच्या मरणाचा दोष मला लावू नकोस, माझी कूस बांधू नकोस. ती दचकून थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. इंदुबाईंचं नाव घेतलं की त्याला धरून आपलंच मागणं येत होतं, आणि दुसरी कुठली प्रार्थना तिला आता येत नव्हती.

उत्तमराव बाहेरून आले, तिला तशी पाहून हळूच म्हणाले, "झाली का तिच्यासाठी प्रार्थना?"

"नाही हो," शालन म्हणाली. "मला जमतच नाही."