बोटभर आभाळ

डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरले आणि लगेच कोणाचा तरी फोन माझ्या हातात आला.

"ताई, आमचा एक काढता का?"

नवरा, बायको आणि कडेवर झोपलेलं पोर. मी काढला. "आता एक उभा," नवरा म्हणाला. तोही काढला.

दुपारपर्यंत कळलं, डोंगरात एकट्या माणसाला हेच काम असतं. त्याला कोणासाठी थांबायचं नसतं, कोणाला गाठायचं नसतं. म्हणून लोक बिनधास्त फोन देतात. लाकडी पुलावर तीन मैत्रिणींचे काढले. धबधब्यापाशी एका आजोबांनी कठड्यावर बसल्या बसल्या मला मागे मागे सरकवलं.

"शेंडा आला पाहिजे हं डोंगराचा!"

"आजोबा, शेंडा ढगात आहे."

"मग ढग येऊ दे!"

पुढे तळं लागलं. वरचा बर्फ घसरताना खडक दळतो आणि ते पीठ पाण्यात उतरतं. "म्हणून पाणी असं दुधाळ दिसतं," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं. शेजारी कोणीच नव्हतं.

आईला सांगितलं होतं, प्रयोगशाळेतले आम्ही सगळे मिळून चाललोय. खरं तर मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. मी दिवसभर मातीचे नमुने वाळवते, चाळते, तोलते. शेजारच्या टेबलावरची मुलगी सकाळी मान हलवते आणि कानांत इअरफोन घालते. आईसाठी मात्र मी फोनवर हसरी, खोडकर अशी एक टोळी उभी केली होती. तिला ती पटत नव्हती. "तिथं तुझं कोणी नाही, मी महिनाभर येऊन राहते," म्हणत तिनं दादाकडून तिकीट काढून घेतलं. तिचा गुडघा दुखतो, प्रवास लांबचा. मी नको नको म्हणत होते, आणि तिच्यासाठी जाड गादीही आणून ठेवली होती.

वरच्या टोकाला रेंज आली तसा फोन वाजला.

"पोचलात का गं? फोटो पाठव सगळ्यांचा. बघू दे तरी तोंडं."

"सगळे पांगलेत, आई."

"मेंढरं आहेत का पांगायला? गोळा कर."

तिथं माझ्याच वयाची पाच-सहा मुलंमुली होती. त्यांनीही मलाच फोन दिला. फोटो काढून झाल्यावर मी म्हटलं, "माझं एक काम कराल? मला तुमच्यात उभं राहू द्या. आईला पाठवायचाय."

ती एकमेकांकडे बघून हसली, पण मुलं चांगली होती. "या की!" म्हणत टोपीवाल्या उंच मुलानं टोकाला जागा केली. एका बाईंनी फोटो काढला. मुलं हात हलवून उतारावर निघून गेली.

फोटो पोचताच आईचा फोन. "अगं, किती गोड मुलं आहेत! तो टोपीवाला कोण? बाई, डोक्यावरचं ओझं उतरलं बघ. दादाला सांगितलंय, तिकीट रद्द कर म्हणून. तुमच्यात माझी लुडबुड कशाला?"

"बरं," मी म्हणाले.

फोन ठेवून कठड्यावर बसले. वारा गार होता. डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकला. मग तो फोटो मोठा करून पाहिला. सगळ्यांचे हात एकमेकांच्या गळ्यात, पाठीवर. टोपीवाल्याचा हात माझ्या खांद्यावर होता. म्हणजे खांद्याच्या वर होता. त्याचा तळवा आणि माझं जॅकेट यांच्यामध्ये बोटभर आभाळ दिसत होतं. सभ्य मुलगा.

मी आईला फोन लावला.

"तिकीट रद्द झालं?"

"दादा आंघोळीला गेलाय, आला की करेल. का गं?"

"फोटो मोठा कर. टोपीवाल्याचा हात बघ."

"थांब, चष्मा..." खुडबुड ऐकू आली.

"टेकलेला नाहीये गं," आई म्हणाली.

"नाही."

"कोण आहेत ही मुलं?"

"माहीत नाही."

फोनपासून तोंड वळवून ती मोठ्यानं ओरडली, "अरे, बाहेर आलास तरी त्या तिकिटाला हात लावू नकोस!"