दासीचा आवाज

"आई, सोड ती कढी! टीव्हीवर कोण आहे बघ!"

कुमुदिनी हात पुसत बाहेर आली. दिल्लीजवळच्या वैशालीतल्या या नव्या फ्लॅटमध्ये केबल नुकतंच आलं होतं आणि रविवारी दुपारी कुणालाही न आठवणारे सिनेमे लागायचे. पडद्यावर पडका किल्ला. फाटक्या जरीच्या झग्यातला राजा, पुठ्ठ्याचा मुकुट घातलेली राणी, आणि तिच्यामागे चवरी धरून उभी एक सावळी पोरगी.

"तूच ना ही? बिल्कुल तूच!" देविका सोफ्यावरून जवळजवळ पडलीच.

कुमुदिनीने खुर्चीचा हात धरला. हा सिनेमा पुराच झाला नव्हता. निर्माता पळाला, सगळं डब्यात गेलं, असं ती वीस वर्षं समजून होती.

दिल्लीतल्या हौशी मराठी नाटकातून तिला उचललं होतं. नाटक कंपनी बुडते, तरी नट राजा-राणीचे कपडे उतरवत नाहीत, किल्ल्यातच दरबार भरवत राहतात, अशी ती गोष्ट. ही दासी. सगळ्यांत शुद्धीवर असलेली एकटीच. तुघलकाबादच्या उन्हात शूटिंग झालं, आवाज नंतर मुंबईत भरायचा होता. बोलावणं येईल म्हणून ती भाजी चिरताना वाक्यं घोकायची. बोलावणं आलंच नाही.

आतून सूर्यकांत बनियनवर बाहेर आला. पडदा बघितला आणि थबकला.

"बंद कर गं देवी. डोकं दुखतंय माझं."

"आईची पिक्चर आहे, बाबा! काय यार!"

"राहू दे, कुमुद. त्यात तुझा आवाज नाहीये."

पडद्यावरची दासी अजून एक शब्दही बोलली नव्हती.

मग तिने तोंड उघडलं. "महाराज, चूल्हा ठंडा है." आवाज बारीक, गोडगोड. दुसऱ्याच कुणाचा तरी.

कुमुदिनी नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

तो बनियनची कड ओढत राहिला.

"अहो, मी विचारतेय."

"बघितलाय मी. लागला होता दर्यागंजला. आठवडाभरही टिकला नाही."

"एकटे गेलात?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि मला म्हणालात, डब्यात गेला. जिलबी आणलीत त्या दिवशी. मला बरं वाटावं म्हणून."

"मुंबईहून ऑफिसात फोन आला होता. आवाजासाठी पाठवा म्हणाले, पंधरा दिवस. देवी एवढीशी होती. मी सांगितलं, तिला नाही जमायचं." तो खाली बघत म्हणाला, "गेली असतीस तर परत आली असतीस?"

"आले असते की. तुमची कढी कोण करणार होतं?"

देविका कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती. "बाबा, तुम्ही आईला पूछा पण नाही?"

"छान केलं होतंस गं," सूर्यकांत म्हणाला. "रडलो होतो मी थिएटरात. खरंच."

तेच तिला जास्त लागलं. तिच्या कामाबद्दल कुणीतरी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि इतकी वर्षं ते घरातच, शेजारच्या उशीवर पडून होतं.

तिने देविकाच्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज पार बंद केला. दासी चवरी टाकून पुढे आली. राजासमोर उभी राहिली.

"सेना को भूखा लड़वाएँगे, महाराज?"

कुमुदिनी मोठ्याने बोलली होती. जाडसर, चाळिशी ओलांडलेला आवाज. पडद्यावरच्या ओठांच्या अर्धा शब्द मागे.

"कुमुद, ऐक ना..."

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. नुसता हात वर केला.

"थांबा. अजून माझी वाक्यं आहेत."