तीन चकत्यांचा निकाल

"अवो, निदान पोहे खायला तरी आत या," विजयमाला गॅलरीच्या दारात बशी घेऊन उभी होती.

"तिथंच ठेव. आणि तू मागं हो."

"बत्तीस वर्षं मागंच हाय मी."

जोतीरामने बशी ओढून घेतली. कामोठ्यातल्या त्या घराची गॅलरी चार फुटांची. गेले पाच आठवडे त्यातले अडीच फूट जोतीरामचे आणि दीड फूट वॉशिंग मशीनचे होते. आत मुलगी नमिता बाळंतपणाला आली होती. नातीला त्याने एकदाच, जन्मल्या दिवशी, पाच मिनिटं हातात घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या कामावरच्या हॉस्पिटलमधून फोन आला. जोतीराम गॅलरीत गेला तो गेलाच. नातीचं बारसं त्याने काचेतून पाहिलं. परवा रविवारी नमिता बाळाला घेऊन उलव्याला, सासरी जाणार होती.

जोतीराम खारघरच्या एका खाजगी हॉस्पिटलात, किरणोत्सारी औषधं देतात त्या विभागात, अठरा वर्षं अटेंडंट होता. तिथे प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि माणसाने किती किरणं खाल्ली ते कळतं. जोतीरामचा आकडा कायम शून्याच्या आसपास. या खेपेला तो इतका मोठा आला, की त्याला लगेच विभागाबाहेर काढून फायली इकडून तिकडे न्यायला लावलं. सविस्तर कागद मागाहून येणार होता.

गंमत म्हणजे घाबरलेल्या पेशंटांची समजूत काढायचं काम वर्षानुवर्षं जोतीरामकडेच होतं. "अल्फा किरण म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी," तो सांगायचा. "अंगाने जड, पण साधा कागद आडवा धरा, थांबला. फक्त पोटात जाऊ देऊ नका, आत शिरला तर वाट लावतो. बीटा म्हणजे कुरिअरवाला, कातडीच्या दारातून जरासा आत, बस. जाड प्लास्टिक पुरतं त्याला. गॅमा म्हणजे शेजारी. भिंतीतून येणार, तुमच्याकडे काय शिजतंय बघणार आणि पलीकडे जाणार. त्याला शिसंच पायजे." किरणं लागलेला माणूस स्वतः किरणं सोडत फिरत नाही, हेही त्याने हजारोंना पटवलं होतं. फोन आला त्याच दिवशी त्याच्या अंगावरून, कपड्यांवरून मीटर फिरवला होता. काही निघालं नव्हतं. एवढं सगळं माहीत असलेला माणूस पाच आठवडे वॉशिंग मशीनशेजारी झोपत होता.

"बाबा, तुम्हीच सांगता ना, असं पसरत नाही म्हणून," नमिता आतून म्हणाली.

"ते पेशंटला सांगतो मी."

त्या शुक्रवारी अकरा वाजता भाविका मॅडमनी त्याला बोलावलं. विभागातल्या किरणोत्साराच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांची. वयाने जोतीरामच्या मुलीएवढ्या.

"बसा काका. तपशील आलाय." त्यांनी बॅज उघडून दाखवला. आत किरणं टिपणाऱ्या तीन चकत्या. "एकीवर धातू, एकीवर प्लास्टिक, एक उघडी. गॅमा असता तर तिन्हींवर सापडला असता."

"मग?"

"उघडीवर भरपूर. प्लास्टिकखाली बरंच कमी. धातूखाली जवळजवळ काहीच नाही."

जोतीराम चकत्यांकडे बघत राहिला. पेशंट असता तर त्याने अर्ध्या मिनिटात समजावलं असतं.

"कुरिअरवाला," तो शेवटी म्हणाला.

"बीटाच. आणि तोही बॅजलाच चिकटलेला, तुम्हाला नाही. लिव्हरच्या पेशंटना आपण यट्रियम देतो, बीटा सोडणारं औषध, त्याचाच असणार. मला सांगा, बॅज कशाने पुसता?"

"पुसतो ना, रोज. चकाचक ठेवतो."

"कशाने?"

"औषधाचा ट्रे पुसला की... त्याच कापसाने. ग्लव्हज असतात हातात."

"ग्लव्हज असतात," मॅडमनी मान हलवली. "म्हणून तुम्ही बचावलात आणि बॅज मेला."

मग त्यांनी मेमो टाइप केला. अठरा वर्षांत स्वच्छतेची दोन प्रशस्तिपत्रं मिळवलेल्या जोतीरामला त्या दिवशी अति स्वच्छतेबद्दल लेखी समज मिळाली. त्याने खाली सही केली आणि चक्क थँक्यू म्हणाला. सोमवारपासून पुन्हा विभागात.

घरी आल्यावर तो दोनदा आंघोळ करून आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबला.

"आता काय मुहूर्त काढायचा?" विजयमाला म्हणाली.

नमिताने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. पाच आठवड्यांत ते भलतंच जड झालं होतं. डोळे टक्क उघडे.

"नाळ कधी पडली हिची?" त्याने विचारलं.

"नवव्या दिवशी. आईने सांगितलं होतं की तुम्हाला, काचेतून."

"ऐकू आलं नसेल."

थोड्या वेळाने बाळ झोपलं आणि लगेच जोतीरामची लुंगी मांडीवर कोमट झाली. विभागात असा थेंब जरी सांडला, तर तो सगळ्यांना मागे करायचा, भोवती पट्टी लावायचा, मीटर मागवायचा.

"द्या इकडं, बदलते," विजयमालाने हात पुढे केले.

"राहू दे," जोतीराम हळूच म्हणाला. ओल गुडघ्यापर्यंत आली, तरी तो हलला नाही.