शाबास राहून गेलेला पट्टा

खिळ्याला वेटोळं घालून लटकलेला, काळपट, बारा हात लांब असा कोणी दिसला, तर साप साप म्हणून ओरडू नका, मित्रांनो. तो मी. पोलिसांच्या श्वानपथकातला, माग काढायचा जुना चामडी पट्टा.

आमचं गाव लहान, म्हणून पथकही लहान. ठाण्यामागची पत्र्याची शेड, एक हवालदार, एक कुत्रा आणि मी. पहिल्या कुत्र्याने पहिल्याच महिन्यात साहेबांचा हरवलेला डबा शोधला. तो मोठ्या साहेबांच्या टेबलाखाली निघाल्यामुळे त्या तपासाची कुठेही नोंद नाही. दुसऱ्याने चार चोर पकडले. वर्तमानपत्रात फोटो साहेबांचा आला. तिसरी कुत्री, नाव काळी. तिचं नाक असं, की काल कोण कुठे रडलं, हे तिला आज कळायचं.

आमची एक रीत होती. माग संपला, की हवालदार माझी कडी सोडायचे आणि कुत्र्याच्या कानाशी म्हणायचे, "शाबास! झालं." ते ऐकेपर्यंत कुत्र्याच्या लेखी काम चालूच. समोर ठेवलेल्या जेवणालाही तो तोंड लावायचा नाही.

एका सोमवारी पोस्टमन नाहीसा झाला. त्याच्या बहिणीने त्याची टोपी आणून दिली. काळीने ती हुंगली आणि आम्हाला ओढत बंद गिरणीच्या आवारात नेलं. तिथल्या कोरड्या हौदाच्या लोखंडी झाकणावर ती बसली. उठेचना.

"कुलूप गंजलंय," साहेब म्हणाले. "पोस्टमन काय किल्लीच्या भोकातून आत गेला? म्हातारी झालीय ती. सावली बघून बसली."

"साहेब, इथं ऊन आहे," हवालदार पुटपुटले.

"मग अक्कलही गेली. चला!"

हुकूम तो हुकूम. हवालदारांनी कडी सोडली. शाबास मात्र घशातच राहिली. काळीने अन्न सोडलं. आठव्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून रोज दुपारी चारला मी ताठ होऊ लागलो. वारा नाही, हात नाही. एक टोक खिळ्याला, दुसरं गिरणीच्या दिशेला, मधे मी तारेसारखा. आणि कडीपाशी, जिथे कोणीच नाही, तिथून धापा ऐकू यायच्या. चामड्याला भीती वाटत नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

हवालदार पाहायचे आणि पाठ फिरवायचे. बहीण दर सोमवारी यायची.

"दादा, काही कळलं?"

"नाही, ताई."

नऊ महिन्यांनी पथक बंद झालं. सामान भंगारात जाणार होतं. हवालदारांनी मला खिळ्यावरून काढलं, तेव्हा चारच वाजत होते. बहीण दारात उभी होती. तिने पाहिलं, पट्टा हवेत आडवा ताणलेला आणि पुढे कोणीच नाही.

"दादा, कोण ओढतंय?"

"आमची काळी," हवालदार म्हणाले. या वेळी त्यांनी साहेबांना विचारलं नाही.

भर उन्हात आम्ही गावातून निघालो. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. हौदापाशी माझी कडी हळूच झाकणावर टेकली. हवालदारांनी कुलूप फोडलं. हौदाला मागून, झुडपांत, दुसरं तोंड होतं. त्यावरची कुजकी फळी मोडलेली होती. जवळची वाट धरलेला पोस्टमन तिथून आत पडला होता. बहिणीने चप्पल ओळखली आणि नऊ महिन्यांचं एकदम रडली.

हवालदार गुडघ्यांवर बसले. कडीपुढच्या रिकाम्या जागेत, बरोबर कानाच्या उंचीला वाकून म्हणाले, "शाबास! झालं."

कडी आपली आपण उघडली. ओढ गेली.

आता मी हवालदारांच्या घरी सैल लोंबतो. मित्रांनो, चामड्याला अधूनमधून तेल द्यावं, हे तर आहेच. पण मुक्या जिवाने काम चोख केलं, तर शाबास त्याच वेळी म्हणा. नाहीतर ती ऐकायला तो परत येतो, आणि वाट पाहणाऱ्याची ओढ फार जबर असते.