यिंटेचा पट्टेरी ट्यूलिप

चाळीस वर्षं मी ट्यूलिपच्या शेतांत रोगी झाडं हुडकली. वाकून वाकून कंबर गेली, पण डोळा गेला नाही. म्हणून शाळेच्या हिल्डेबाईंनी मागच्या अंगणात एक वाफा केला आणि मला म्हणाल्या, "टोनिस, पोरांना शिकवा." मी म्हणालो, "मला पोरं सोसत नाहीत." खरंच सोसत नाहीत, बडबड फार करतात. तरी गेलो. घरी एकट्यानं भिंतींशी भांडून किती भांडणार?

नोव्हेंबरात प्रत्येकाला एकेक कंद दिला. टोक वर, बूड खाली, पंज्याएवढं खोल. एवढं घसा फोडून सांगितलं, तरी निम्म्यांनी उलटाच लावला. "अरे गाढवांनो, तुम्हाला खाली डोकं वर पाय करून झोपवलं तर चालेल का?" असं ओरडलो, तर फिदीफिदी हसले.

यिंटे तेवढी हसली नाही. सात वर्षांची पोर. आईवडील वेगळे झाले, म्हणून आईबरोबर नुकतीच शहरातून आमच्या गावी आलेली. वर्गात कुणाशी चकार शब्द बोलत नसे. कंदाशी मात्र बोलायची. मधल्या सुट्टीत वाफ्यापाशी उकिडवी बसायची, डबा उघडायची आणि मातीला सांगायची, "आज पावावर चॉकलेटचा चुरा आहे. काल नुसतं चीज होतं."

मार्चात पानं वर आली, तेव्हा मी पोरांना रोग ओळखायला शिकवलं. "पानावर आपली सावली पाडायची, मग बघायचं. निरोगी पान एकसारखं हिरवं असतं. फिकट ओरखडे दिसले की रोग. झाड कंदासकट काढायचं, पिशवीत कोंबायचं. मावा नावाची कीड इथला रोग तिथे नेते, आणि कुंपणापलीकडे शेजारच्या आरीचं ट्यूलिपचं अख्खं शेत आहे. त्यावर त्याचं घर चालतं. दयामाया नाही!"

दुसऱ्याच दिवशी यिंटेच्या झाडावर माझी सावली पडली. ओरखडे होते.

ती शेजारीच उभी होती. "आजोबा, माझं बरं आहे ना?"

त्या पोरीनं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मोठमोठ्या शेतमालकांना तोंडावर 'तुमचा वाफा गेला' म्हणणारा मी, पण तिच्यापुढे खरं बोलवेना. "बरं आहे," म्हणालो. मावा यायला अजून महिना आहे, अशी मनाची समजूत घातली. ती रोज विचारायची, मी रोज तेच सांगायचो. लाज वाटायची, तरी सांगायचो.

एप्रिलच्या शेवटी ते फुललं. काय फुललं म्हणून सांगू! लाल पाकळ्यांवर पांढऱ्याशुभ्र ज्वाळा. अख्खा वर्ग भोवती गोळा झाला. "यिंटेचं सगळ्यांत भारी!" यिंटे हसली. तिचा समोरचा दात पडलाय, हे मला तेव्हा कुठे कळलं.

तेवढ्यात कुंपणावरून आरी ओरडला, "काय रे म्हाताऱ्या, मोतीबिंदू झाला का? ते पट्टेरी काय उभं केलंयस माझ्या शेताच्या उशाशी? सकाळी मला मावा दिसलाय!"

पोरं वाकून पानं बघू लागली. ओरखडे म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मीच तर शिकवलं होतं.

मी गुडघे टेकून यिंटेसमोर बसलो. "बाळ, हे रोगी आहे. फुलावरचे पट्टेही रोगाचेच. काढायला हवं."

तिचा चेहरा पडला. "आत्ताच झालं?"

नुसतं 'हो' म्हणालो असतो तर सुटलो असतो.

"नाही. मला मार्चपासून माहीत होतं. तू विचारायचीस तेव्हा मी खोटं बोललो. तुझं मन मोडवेना माझ्याच्यानं."

तिचे डोळे काठोकाठ भरले. झालं, ही पोर आता पुन्हा कुणाशी बोलायची नाही, आणि पाप माझ्या माथी, असं मला वाटलं.

"मलापण दिसायचे ओरखडे," ती हळूच म्हणाली. "रोज दिसायचे. पण तुम्ही बरं आहे म्हणायचात. मग मला वाटलं, मलाच नीट बघता येत नाही."

दयेच्या नावाखाली मी त्या लेकराला हे शिकवलं होतं!

"तुला नीट बघता येतं, माझे आई. माझ्याइतकंच येतं."

"म्हणजे मला बरोबर दिसलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तिनं बाहीनं नाक पुसलं आणि खुरपं घेतलं. मला हात लावू दिला नाही. कंदासकट झाड काढलं, फूल एकदा गालाला लावलं आणि सगळं पिशवीत घातलं. मी पोरांदेखत रडलो, हसणारे हसोत.

उठायला लागलो तर तिनं माझी बाही ओढली. शेजारच्या झाडावर ती वाकली होती, ते अजून कळीच होतं. "आजोबा, ह्याच्यावरही ओरखडे आहेत. खरं सांगा हं."

मी वाकून पाहिलं. काही नव्हतं. डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं, तेव्हा पानाच्या कडेला केसाएवढा फिकट ओरखडा दिसला. चाळीस वर्षं सरावलेल्या माझ्या डोळ्यांतून तो निसटला होता.

"आहेत, यिंटे," मी म्हणालो.