झाकण ठेवलेले तीन पेले

मामाने तिचं नाव फौजदार ठेवलं, त्याला कारण होतं. लहानपणी दातांच्या डॉक्टरांनी "अजिबात दुखणार नाही हं" असं म्हणत तिची दाढ उपटली होती आणि ती चांगलीच दुखली होती. तेव्हापासून पांढरा कोट घातलेल्या माणसाचं एकही वाक्य तिला उलटतपासणीशिवाय पटत नसे. शाळेतले सर, बातम्या देणारी बाई, खालच्या मजल्यावरचा औषधवाला, सगळे तिच्या लेखी संशयित. सुटका फक्त बाबांची.

बाबा साबणाच्या कारखान्यात वास ओळखायचं काम करत. हुद्दा लांबलचक होता, पण तिथे सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत. नवा साबण बाजारात जायचा की नाही, हे त्यांच्या नाकावर ठरायचं. फौजदार लहान असताना ते तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून तिला वास ओळखायला लावत. "घाई करू नकोस. आधी काय येतं, मग काय येतं, शेवटी काय उरतं, ते सांग," असं म्हणत. जगात खोटं न बोलणारा एकच माणूस आहे आणि तो आपल्या घरात राहतो, अशी तिची खात्री होती.

त्या खात्रीला तडा गेला तो स्वयंपाकघरातल्या नळामुळे. एका सकाळी पाण्याला वास यायला लागला, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा कुबट. फौजदाराने नाक मुरडलं. आईने पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. बाबांनी मात्र अर्धा पेला गटागट पिऊन मिशी पुसली.

"काही नाही. स्वच्छ आहे."

"बाबा, वास येतोय."

"तुझ्या डोक्यात येतोय," ते हसून म्हणाले आणि चप्पल घालून कामाला निघाले. आई उगाचच ओटा पुसत राहिली. ओटा आधीच पुसलेला होता, हे फौजदाराच्या नजरेतून सुटलं नाही.

गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण शहराच्या जलकेंद्रात दर महिन्याला पाण्याचा वास घेऊन बघायला काही जाणकार मंडळी बोलावली जात आणि बाबा त्यांतले मुख्य होते. चारच दिवसांपूर्वी, हे पाणी घरोघर सोडण्याआधी, त्या मंडळींनी ते हुंगून त्याला वास नाही असं सांगितलं होतं. त्यानंतर जलकेंद्राच्या साहेबांनी बाबांना एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं. ते आता दिवाणखान्यात टकटक करत होतं. आतापर्यंत फौजदाराला ते आवडायचं. त्या दिवशी ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. घड्याळासाठी बाबा खोटं बोलले असतील का?

संशय हा फार चिवट पाहुणा. एकदा घरात शिरला की उठायचं नाव घेत नाही. विज्ञान प्रदर्शन जवळ आलंच होतं. वर्गातली बाकीची मुलं मातीचे ज्वालामुखी करत होती, तेव्हा फौजदाराने सरांना सांगितलं की ती तज्ज्ञांना भेटून 'आपलं नाक कसं काम करतं' यावर माहिती गोळा करणार. सर खूश झाले. खरं काय ते तिचं तिलाच ठाऊक होतं. तिला बाबांना पकडायचं होतं आणि बाबा सापडू नयेत, असंही तिला मनापासून वाटत होतं.

जलकेंद्राच्या रसायनतज्ज्ञ बाई उंच, सडपातळ आणि बोलायला फटकळ होत्या. प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या फौजदाराने विचारलं, "पाण्याला वास येतोय, हे तुम्ही लोकांपासून का लपवलंत?"

"बैस तरी," बाई म्हणाल्या. "तक्रारी आल्यात, पण फार नाहीत. धरणात शेवाळ वाढलं की असा वास येतो. त्याने कुणी आजारी पडत नाही. पण आमच्या मंडळींना तो यायला हवा होता, कारण आज शेवाळ निसटलं तर उद्या दुसरं काही निसटेल, आणि ते कदाचित इतकं साधं नसेल. माझी झोप त्यानेच उडालीय."

"मग त्यांना का नाही आला?"

बाईंनी तीन पेले आणून तिच्यासमोर ठेवले. "दोन सारखे आहेत, एक वेगळा. ओळख."

फौजदाराने तिन्ही हुंगले, पुन्हा हुंगले आणि ठामपणे तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा. कुबट आहे."

"तिन्हीत एकच पाणी आहे," बाई म्हणाल्या. "मी पेले ठेवताना तिसऱ्याकडे मुद्दाम जरा जास्त वेळ बघितलं, बस्स. म्हणून खरी परीक्षा घेताना पेले देणाऱ्यालाही माहीत नसावं लागतं कुठल्यात काय आहे ते. माणूस तोंडाने गप्प बसतो गं, चेहऱ्याने नाही बसत."

फौजदाराचे कान लाल झाले. आपल्याला सगळं कळतं असं समजणाऱ्याला असं उघडं पाडलं की तो त्यातून शिकत नाही, आधी चिडतो. तीही चिडली. बाईंनी एवढं समजावून सांगितलं, त्यातली फक्त स्वतःची फजिती तिच्या लक्षात राहिली.

"आणि तुमच्या बैठकीत असंच करतात?" तिने खवचटपणे विचारलं.

बाई पहिल्यांदाच अडखळल्या. "करायला हवं. सगळ्यांनी आपापलं मत गुपचूप लिहून द्यायचं, असा नियम आहे. पण... तुझे बाबा असले की पेले मीच भरते, मीच देते. ते बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. एवढा मोठा माणूस, त्यांची कसली परीक्षा घ्यायची?"

म्हणजे सगळं बाबांच्या एका शब्दावर चाललं होतं. फौजदार घरी आली तेव्हा ते घड्याळ तिला आणखी मोठं दिसलं.

नाकाचे डॉक्टर भेटले दोन दिवसांनी. गोल चेहऱ्याचे, गप्पिष्ट गृहस्थ. बाहेर रोगी खोळंबलेले असताना ते तिला नाकाच्या आतला पसारा कागदावर काढून दाखवत बसले. त्यांनी पांढरा कोट घातला होता, म्हणून फौजदार सावध होती.

"डोळा गेला की माणूस धावत येतो," डॉक्टर म्हणाले. "कान गेला की बायको घेऊन येते. नाक गेलं तर कुणीच येत नाही. साध्या तापानेसुद्धा जातं हो कधी कधी, आणि परत येतंच असं नाही. पण सांगायची लाज वाटते, आणि सांगितलं नाही तर कळत नाही."

"कुणालाच नाही कळत?"

"घरच्यांना कळतं. दूध करपलं तरी माणूस शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसतो. भाजीत मीठ घालतच राहतो, कारण वास नसला की चवही मरते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुझा चेहरा का उतरला?"

उतरणारच. थंडीत बाबांना मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर एकदा दूध इतकं करपलं होतं की शेजारीण दार वाजवत आली होती, आणि बाबा ओट्यापासून दोन हातांवर शब्दकोडं सोडवत होते. आई धावत आली होती आणि म्हणाली होती, "माझंच लक्ष नव्हतं." तेव्हापासून गॅसजवळ आई बाबांना एकट्याला सोडत नव्हती. आणि जेवताना मिठाचं भांडं बाबांच्या ताटाशेजारीच असायचं.

फौजदार घरी पळतच आली. वाटेत तिला चक्क आनंद होत होता. बाबा खोटारडे नाहीत, बाबांचं नाक गेलंय! मग तिचं तिलाच लक्षात आलं की आपण कशाचा आनंद मानतोय, आणि ती जिन्यातच थांबली. बाबांकडून त्यांचं नाक काढून घेतलं तर उरतं काय? कारखाना त्यांना एक दिवस ठेवणार नाही.

पण फौजदार ती फौजदारच. खात्री केल्याशिवाय तिला राहवेना. संध्याकाळी तिने टेबलावर तीन पेले मांडले. दोनांत गाळून उकळलेलं पाणी, एकात त्याच पाण्यात व्हिनेगरचा एक थेंब.

"बाबा, प्रदर्शनासाठी. एक वेगळा आहे."

बाबांनी चष्मा काढला, डोळे मिटले, एकेक पेला नाकाखाली फिरवला. मग डोळे उघडून, चष्मा लावून त्यांनी पुन्हा एकदा तिन्ही पेले सावकाश उचलले. पहिला. दुसरा. तिसरा. पुन्हा दुसरा.

"दुसरा," ते म्हणाले. "व्हिनेगर असावं, नाही का?"

बरोबर होतं. व्हिनेगरची बाटली ओट्यावर उघडी राहिली होती, ही गोष्ट वेगळी. फौजदाराच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे नाक शाबूत आहे. म्हणजे पाण्याचा वास त्यांना आला होता. म्हणजे बाबा समजून उमजून खोटं बोलले! ती जेवली नाही. आईने हाक मारली तर "भूक नाही" म्हणून अंथरुणात तोंड खुपसून पडली आणि मनातल्या मनात बाबांना नाही नाही ते बोलली. जगात खोटं न बोलणारा एक माणूस होता, तोही गेला.

सकाळी दात घासताना आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला. विस्कटलेला, रागावलेला, सगळं सांगून टाकणारा चेहरा. आणि बाईंचं ते वाक्य आता कुठे तिच्या डोक्यात शिरलं. बाबांनी दुसऱ्यांदा पेले उचलले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. ते पेल्यांकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

सुट्टीचा दिवस होता. बाबा दाढी करत असताना ती आईला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आई, तीन पेले भर. एकात वास असलेलं काहीतरी घाल, जे बाबा हमखास ओळखतील असं. झाकणं लाव. कुठल्यात घातलंस ते मला सांगू नकोस, आणि बाहेर येऊ नकोस."

आईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. फौजदाराला वाटलं, आता ओरडा बसणार. पण आई एवढंच म्हणाली, "मी दमले गं त्यांना सांभाळून घेता घेता," आणि पेले काढायला वळली.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. फौजदाराने ट्रे त्यांच्यासमोर ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली.

"आज पुन्हा परीक्षा?" बाबा हसले. "कर बाई, कर. फौजदाराला नाही कसं म्हणायचं?"

त्यांनी पहिलं झाकण उचललं, हुंगलं आणि तिच्याकडे पाहिलं. दुसरं उचललं, तिच्याकडे पाहिलं. तिसरं. मग पुन्हा पहिलं. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरत राहिली, भुवया, ओठ, पुन्हा डोळे, अंधारात बटण शोधणाऱ्या हातासारखी. हसू हळूहळू मावळलं.

"तिसरा," ते शेवटी म्हणाले. "बरोबर ना?"

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "कुठल्यात काय आहे, ते मलाही माहीत नाही."

बाबांनी हातातलं झाकण जपून पेल्यावर ठेवलं. स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. तिथून भांड्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"तापानंतर," ते म्हणाले. "सकाळी उठलो आणि काहीच नव्हतं. वाटलं, आठवड्याभरात येईल. कारखान्यात वास मिसळून देणारी एक मुलगी आहे, तिला चांगलं जमलं की तिचा चेहरा उजळतो. तेवढ्यावर निभावलं. जलकेंद्राच्या बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, म्हणून म्हटलं वास नाही. बाईंना तरी कुठे माहीत होतं!" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "लोक ते पाणी पितात, आणि मी... रोज ठरवायचो सांगीन म्हणून."

फौजदाराने इतके दिवस साठवलेले सगळे प्रश्न कुठल्या कुठे गेले. ती जाऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि रडली. ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

"उद्या बाईंकडे जातो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तिथून कारखान्यात. तू येशील बरोबर?"

"येईन."

"आता बघ, कुठला होता तो."

तिने पहिलं झाकण उचललं, आणि वास ओळखायला तिला क्षणही लागला नाही. तिचा जन्म झाला त्या वर्षी बाबांनी स्वतः वास जुळवून एक साबण काढला होता, आणि घरात आजतागायत सगळे तोच वापरत. बाबांच्या कपाटातल्या बाटलीतून आईने त्याच्याच अर्काचे थेंब घातले होते. बाबा आज त्यावरून दोनदा नाक फिरवून पुढे गेले होते. सांगावं की सांगू नये, फौजदाराला कळेना. मग तिने सांगितलं.

बाबांनी डोळे मिटले.

"आधी काय येतंय?" त्यांनी विचारलं.

"लिंबाची साल."

"बरोबर. मग?"

"मग ओलं लाकूड. थोडंसं."

"आणि शेवटी?"

तिने पेला पुन्हा नाकाशी नेला. "शेवटी काही नाही येत, बाबा."

"येतं," ते म्हणाले. "घाई करू नकोस. थांबावं लागतं त्याला."

ती पेला धरून थांबली. आई दाराशी येऊन उभी राहिली होती. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. फौजदाराने तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, शेवटी काय असतं ते तिथे दिसतंय का, म्हणून.